भोंगा बंदच होत नाही तेव्हा

गेल्या पावसाळ्यात माझ्या मावसबहिणीच्या घरी एकाच आठवड्यात दोन पुड्या आल्या. एक गावाहून, तिच्या सासऱ्यांनी पाठवलेली. आत गुळवेलीच्या वाळलेल्या कांड्या आणि चिठ्ठी : रोज सकाळी काढा द्यावा, प्रतिकारशक्ती वाढेल. दुसरी केमिस्टकडची, अ‍ॅझाथायोप्रिनच्या गोळ्यांची. या गोळ्यांचं कामच मुळी प्रतिकारशक्ती दाबणं. दोन्ही पुड्या तिच्या सव्वीस वर्षांच्या मुलासाठी, एकाच आजारावर. तिने त्या ओट्यावर शेजारी-शेजारी ठेवल्या आणि मला फोन लावला. "दादा, तू एवढी वर्षं लॅबमध्ये काढलीस. आता सांग, पोराची शक्ती वाढवायची की कमी करायची?"

पोराची कथा नेहमीचीच. आठ महिने शेम आणि रक्त पडत होतं. दिवसातून दहा-बारा वेळा पळावं लागायचं, आणि हे सांगायचं कुणाला म्हणून तो गप्प होता. आधी कुणी मूळव्याध म्हणालं, मग आव झाली म्हणून गोळ्यांचे दोन कोर्स झाले. शेवटी दुर्बीण घातली तेव्हा निदान झालं : अल्सरेटिव्ह कोलायटिस.

बहिणीच्या प्रश्नाला फोनवर एका वाक्यात उत्तर देता येईना, म्हणून हा लेख.

आधी नाव नीट घेऊ

आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाह, म्हणजे आयबीडी. दाह म्हणजे सूज, लाली, जखमा, रक्तस्राव. दुर्बिणीतून डोळ्यांना दिसणारा बिघाड. आयबीएस हा निराळा प्रकार. त्यात पोट दुखतं, जुलाब होतात, पण आतड्याचं अस्तर धड असतं. एका अक्षराच्या फरकामुळे लोक दोन्हींची सरमिसळ करतात आणि चुकीच्या माणसाचा सल्ला ऐकतात.

आयबीडीचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस फक्त मोठ्या आतड्यात होतो. तो गुदाशयापासून सुरू होऊन सलग वर चढतो, आणि जखमा बहुधा आतल्या अस्तरापुरत्याच राहतात. दुसरा क्रोन्स. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातल्या बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. हा तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, मध्येमध्ये चांगला भाग सोडून उड्या मारत जातो आणि आतड्याची भिंत आरपार पोखरतो. लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं तो सांधा त्याचा लाडका. टीबीलाही नेमकी तीच जागा आवडते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हा गोऱ्यांचा आजार, अशी समजूत बराच काळ होती. पंजाबात घरोघरी जाऊन सुमारे ५२ हजार लोकांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००३ मध्ये छापून आले. दर लाखामागे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला. जगभरात आयबीडीचे रुग्ण ६८ लाखांच्या आसपास आहेत, असा २०१७ चा अंदाज होता. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांनी २००७ मध्ये पद सोडलं आणि २०२० मध्ये पुन्हा सोडलं. दोन्ही वेळा हाच कोलायटिस उफाळलेला होता. देशाचा कारभार हाकणारा माणूस संडासाच्या अंतराचा हिशोब करत बैठकीला बसत असेल, तर भाच्याला लोकलचा प्रवास का नको वाटायचा हे समजू शकतं.

एका पेशीच्या जाडीची भिंत

आता मूळ गोष्टीकडे. आपल्या शरीरात, बहुतांश मोठ्या आतड्यात, सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात. म्हणजे जवळपास आपल्या स्वतःच्या पेशींइतकेच. ते फुकट राहत नाहीत. आपल्याला न पचलेला चोथा ते आंबवतात आणि त्यातून मोठ्या आतड्याच्या पेशींचं इंधन तयार होतं.

या गर्दीत आणि आपल्या रक्तात अंतर किती? एका पेशीच्या जाडीचं. आतड्याचं अस्तर म्हणजे एकाला एक चिकटून उभ्या असलेल्या पेशींची एकच रांग, आणि तीही दर चार-पाच दिवसांनी नवी होणारी. तिच्यावर बुळबुळीत शेमाचा थर असतो. मोठ्या आतड्यात या थराचे दोन पदर असतात : वरच्या सैल पदरात जिवाणू वावरतात, खालच्या घट्ट पदरात निरोगी माणसात सहसा कुणी शिरत नाही. सगळं आतडं उलगडून आतला पृष्ठभाग मोजला, तर अर्ध्या बॅडमिंटन कोर्टाएवढा भरतो. एवढ्या जिवाणूंना भिडून असलेली एवढी पातळ सरहद्द शरीरात दुसरीकडे कुठेच नाही. म्हणूनच प्रतिकारशक्तीच्या पेशींची एक फार मोठी छावणी आतड्याच्या भिंतीत असते.

या छावणीचं काम मात्र विचित्र आहे. समोर कोट्यवधी परके दिसताहेत, आणि त्यांच्यावर तुटून पडायचं नाही. रोजचं जेवणही परकंच की! वरण-भातातली प्रथिनं काही आपल्या शरीराची नसतात. पण खरा शत्रू, समजा टायफॉइडचा जिवाणू आला, तर त्याला मात्र तिथेच गाठायचं. आषाढीला पंढरपुरात बंदोबस्ताला असलेल्या शिपायासारखं आहे हे. लाखो अनोळखी चेहरे समोरून जाणार, एकालाही लाठी लागता कामा नये, आणि पाकीटमार तेवढा हातातून सुटता कामा नये.

पोळीला लावायची पिठी

छावणीत कोण कोण असतं ते थोडक्यात पाहू. भिंतीजवळ बसून बाहेरची खबर घेणाऱ्या पेशी असतात. त्यांना फांद्या असतात, म्हणून त्यांना शाखी पेशी म्हणू. त्या जिवाणूचा किंवा अन्नाचा तुकडा उचलतात आणि आत नेऊन टी पेशींना दाखवतात. टी पेशी म्हणजे ठाणेदार : हा कोण, याच्याशी कसं वागायचं, ते त्या ठरवतात. त्यांच्या इशाऱ्यावर बी पेशी कामाला लागतात. बी पेशींतून तयार होणाऱ्या कारखाना-पेशी अँटिबॉडी बनवतात. अँटिबॉडी, म्हणजे पाठ्यपुस्तकातलं प्रतिपिंड, हे वाय आकाराचं प्रथिन. त्याच्या दोन टोकांची घडण अशी असते की ते एका ठरावीक वस्तूलाच घट्ट पकडतं.

अँटिबॉडी म्हटलं की लढाईच डोळ्यांसमोर येते. आतड्यात मात्र तिचा एक शांत प्रकार सर्वांत जास्त असतो, आयजीए. निरोगी माणूस दिवसाला ३ ते ५ ग्रॅम आयजीए आतड्यात सोडतो. जवळजवळ चमचाभर मिठाच्या वजनाइतकं, रोज! हे आयजीए जिवाणूंना मारत नाही, त्यांच्या अंगावर नुसतं माखलं जातं. पोळी लाटताना पिठी का लावतो? पोळपाटाला चिकटू नये म्हणून. आयजीए हीच पिठी आहे. माखलेला जिवाणू भिंतीला चिकटत नाही, घरंगळत पुढे जातो, आणि आरडाओरडा काही होत नाही.

दुसरा प्रकार आयजीजी. हा रक्तात भरपूर असतो आणि त्याचा स्वभाव वेगळा. आयजीजी चिकटणं म्हणजे दारावर जप्तीची नोटीस लागणं. ती वाचून भक्षक पेशी येतात, जिवाणू गिळतात आणि गिळताना आणखी कुमक मागवतात. रक्तात जंतू शिरला असेल तर हेच हवं. आतड्यात, जिथे हरघडी कोट्यवधी जिवाणू दाराशी उभे असतात, तिथे ही नोटीसबाजी परवडत नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णाच्या आतड्याचा तुकडा तपासला, तर आयजीजी बनवणाऱ्या पेशी प्रमाणाबाहेर वाढलेल्या दिसतात. पिठीच्या जागी नोटिसा.

सबुरीची पेशी आणि नोबेल

ऑक्टोबर २०२५ मध्ये वैद्यकाचं नोबेल मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमॉन साकागुची यांना जाहीर झालं, आणि बातम्यांमध्ये 'नियामक टी पेशी' हा शब्द दोन दिवस फिरला. आपल्या विषयाशी त्याचा थेट संबंध आहे.

टी पेशींतल्या काहींचं काम इतर टी पेशींना आवरणं हे असतं. साकागुचींनी १९९५ मध्ये या पेशींची ओळख पटवली. पुढे २००१ मध्ये ब्रंकाव आणि रॅम्सडेल यांना फॉक्सपीथ्री हे जनुक सापडलं. त्या पेशी घडण्यासाठी ते लागतंच. हे जनुक जन्मतः बिघडलेल्या मुलग्यांमध्ये स्वतःची फौज स्वतःच्याच अवयवांवर उलटते. यात अगदी तान्हेपणी दिसणारं लक्षण कोणतं? भयंकर जुलाब. आवरणारा हात सुटला की पहिला दणका आतड्याला बसतो, कारण चिथावणी तिथे चोवीस तास हजर असते.

उंदरांवर हे आधीच दिसलं होतं. १९९३ मध्ये फियोना पॉवरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टी पेशीच नसलेल्या उंदरांना दुसऱ्या उंदराच्या कोऱ्या, अननुभवी टी पेशी दिल्या. काही आठवड्यांत आतडं सुजलं. त्याच पेशींसोबत आवरणाऱ्या पेशींचा गटही दिला, तर काहीच झालं नाही. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने आयएल-१० हा शांततेचा निरोप पोचवणारा रेणू नसलेले उंदीर तयार केले. त्यांचंही आतडंच सुजलं. मला यातली सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट नंतर कळली : हेच उंदीर पूर्ण निर्जंतुक पिंजऱ्यात, आतड्यात एकही जिवाणू नसताना वाढवले, तर त्यांना कोलायटिस होत नाही. म्हणजे भांडणाला दोन बाजू लागतात. नुसते जिवाणू पुरत नाहीत आणि नुसती बेलगाम फौजही पुरत नाही.

मग बिघडतं नेमकं काय?

एक ठिणगी दाखवता येत नाही. काहींचं जनुकच असं असतं. नोड-टू हे जनुक जिवाणूची चाहूल घेणारं एक प्रथिन बनवतं. त्यातल्या काही बदलांमुळे क्रोन्सचा धोका वाढतो, हे २००१ मध्ये दिसून आलं. युरोपीय वंशाच्या लोकांत हे बदल सापडतात, भारतीयांत क्वचितच. त्यामुळे तिकडची जनुकीय तपासणी इकडे फारशी कामाची नाही. काहींच्या शेमाचा थर विरळ होतो, काहींच्या जिवाणूंची वस्ती बदलते. सुरुवात कुठूनही झाली तरी पुढचा रस्ता साधारण एकच.

भिंतीत फट पडते. जिवाणू आत डोकावतात. भक्षक पेशी टीएनएफ नावाचा रेणू सोडतात. गिरणगावात वाढलेल्यांना समजावं म्हणून मी त्याला भोंगा म्हणतो. भोंगा वाजला की रक्तवाहिन्यांचं अस्तर चिकट होतं, वाहत्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे थबकतात आणि आत शिरतात. साध्या आवेत चार दिवसांत जंतू संपतो, भोंगा थांबतो, फौज पांगते. आयबीडीत तो थांबतच नाही. आलेली कुमक स्वतःचे भोंगे वाजवते. शाखी पेशी आयएल-१२ आणि आयएल-२३ हे निरोप धाडून टी पेशींना आणखी आक्रमक करतात. भिंत आणखी झिजते, आणखी जिवाणू आत येतात.

लॅबमध्ये अशा आतड्याच्या काचपट्ट्या मी शेकड्यांनी पाहिल्या. निरोगी मोठ्या आतड्याचा तुकडा गुलाबी-जांभळ्या रंगात इतका शिस्तीत दिसतो की बघत राहावं. परीक्षानळ्या स्टँडमध्ये एका ओळीत उभ्या कराव्यात तशा ग्रंथी, आणि प्रत्येकीच्या कडेने शेमाने फुगलेल्या पेशींचे पांढुरके फुगे. कोलायटिसच्या काचेवर त्या नळ्या वाकड्या होतात, फाटे फुटतात, फुगे नाहीसे होतात आणि मधली सगळी जागा निळ्या ठिपक्यांनी, म्हणजे धावून आलेल्या फौजेच्या पेशींनी, भरते. काही नळ्यांच्या पोकळीत तीन-चार पाळ्यांचं केंद्रक असलेल्या पेशींचा गठ्ठा बसलेला असतो. त्या न्यूट्रोफिल, म्हणजे सर्वांत आधी धावणारे शिपाई. त्या जिवाणूंवर जे विषारी रसायन फेकतात, त्यात शेजारची भिंतही भाजते. पू म्हणतो तो हाच.

न्यूट्रोफिलच्या पोटातल्या विरघळलेल्या प्रथिनांपैकी जवळजवळ निम्मं एकटं कॅलप्रोटेक्टिन असतं. पेशी फुटल्या की ते शौचातून बाहेर पडतं आणि बाहेर काही दिवस टिकतंही. म्हणून आता डॉक्टर दर वेळी दुर्बीण न घालता आधी शौचाची डबी मागतात. आकडा वाढलेला असेल तर आत न्यूट्रोफिल गोळा झालेत. आयबीएसमध्ये तो सहसा वाढत नाही. या तपासणीने कितीतरी लोकांची दुर्बीण वाचवली आहे, आणि तरीही ती डबी नेऊन द्यायला लोक लाजतात!

अँटिबॉडी आरोपी आहे की साक्षीदार?

इथे वाचक हमखास विचारतो : रक्तातल्या अँटिबॉडीवरून आजार ओळखता येत नाही का?

काही खुणा आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या बऱ्याच रुग्णांत न्यूट्रोफिलच्याच घटकांविरुद्ध पी-अँका ही अँटिबॉडी सापडते. क्रोन्समध्ये आस्का सापडते, ती तर पावात घालायच्या यीस्टविरुद्ध असते. बिचाऱ्या यीस्टचा यात काही दोष नाही. भिंत गळकी झाली की आतड्यातल्या मालाची ओळख फौजेला होते आणि त्या मालाविरुद्ध कागदपत्रं तयार होतात, एवढाच बहुधा त्याचा अर्थ. या अँटिबॉडी सगळ्या रुग्णांत नसतात आणि निरोगी लोकांतही कधीकधी असतात. शिवाय आपल्याकडचा खरा पेच क्रोन्स की आतड्याचा टीबी हा, आणि आस्का तो सोडवत नाही, कारण ती टीबीच्या रुग्णांतही निघते. पॅकेजमध्ये आहे म्हणून ही तपासणी करून घेणाऱ्यांना मी तरी पैसे वाचवायला सांगेन.

अलीकडे मात्र एक अँटिबॉडी या रांगेतून उठून पुढे आली. क्योटोच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं की अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या दहापैकी नऊ रुग्णांत अल्फा-व्ही-बीटा-६ इंटेग्रिनविरुद्ध अँटिबॉडी असते, आणि इतरांत ती फार क्वचित सापडते. इंटेग्रिन म्हणजे पेशीचा हात. त्या हाताने भिंतीची पेशी खालचा पाया धरून उभी असते. अमेरिकी लष्कर आपल्या सैनिकांच्या रक्ताचे नमुने गोठवून ठेवतं. पुढे ज्यांना कोलायटिस झाला त्यांचे जुने नमुने काढून पाहिले, तेव्हा काहींमध्ये ही अँटिबॉडी निदानाच्या दहा वर्षं आधीपासून होती. पहिलं रक्त पडण्याच्या दहा वर्षं आधी! तीच आजार घडवते, की आत गुपचूप चाललेल्या पडझडीची ती पहिली नोंद आहे, हे अजून सिद्ध झालेलं नाही. आयबीडीला सरसकट 'स्वतःवर उलटलेली प्रतिकारशक्ती' म्हणायला तज्ज्ञ कचरतात, ते यामुळेच. फौजेचा मुख्य राग स्वतःच्या पेशींपेक्षा आतड्यातल्या जिवाणूंवर दिसतो. भिंत मधल्यामध्ये भरडली जाते.

तीच अँटिबॉडी, पण बाटलीत

या आजारावरच्या सर्वांत प्रभावी हत्यारांपैकी एक अँटिबॉडीच आहे.

१९७५ मध्ये केंब्रिजमध्ये जॉर्जेस कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी एकाच साच्याची अँटिबॉडी हवी तेवढी बनवण्याची रीत शोधली. १९८४ मध्ये त्यांना नील्स जर्न यांच्यासोबत नोबेल मिळालं. या रीतीने टीएनएफला पकडणारी अँटिबॉडी बनवली तर भोंग्याच्या तोंडात बोळा कोंबता येईल, असा विचार पुढे आला. १९९८ मध्ये क्रोन्ससाठी अमेरिकेत इन्फ्लिक्सिमॅब मंजूर झालं. या नावांचा जिभेला त्रास होतो, पण त्यांत अर्थ आहे. शेवटचं 'मॅब' म्हणजे अशी एकसाची अँटिबॉडी. त्याआधी 'झि' वा 'क्सि' आला तर ती थोडी उंदराची, थोडी माणसाची. 'झु' आला तर जवळजवळ माणसाची. नुसता 'उ', जसा अ‍ॅडॅलिमुमॅबमध्ये, तर पूर्ण माणसाच्या घडणीची. डिसेंबर २०१४ मध्ये झायडस कॅडिलाने अ‍ॅडॅलिमुमॅबची जगातली पहिली जुळी आवृत्ती भारतात आणली. अशा औषधांना बायोसिमिलर म्हणतात. तेव्हापासून हे उपचार काही मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात येऊ लागले. सगळ्यांच्या नव्हे.

टीएनएफ पकडला की काम झालं, असं वाटेल. पण एटानरसेप्ट हे औषधही टीएनएफच पकडतं, आणि संधिवातात उत्तम चालतं. २००१ मध्ये क्रोन्सच्या रुग्णांवर त्याची चाचणी झाली. काही उपयोग झाला नाही. शत्रू एक, पकडणारे दोन, आणि गुण फक्त एकाला! आज याचं पटणारं स्पष्टीकरण असं की काही पेशींच्या अंगावर टीएनएफ चिकटलेला असतो. इन्फ्लिक्सिमॅबसारख्या पूर्ण अँटिबॉडी त्या पेशींना पकडून मरायला लावतात. एटानरसेप्टला ते तितकं जमत नाही. भोंग्याचा आवाज दाबणं वेगळं आणि भोंगा वाजवणाऱ्यालाच घरी पाठवणं वेगळं.

दुसरा धक्का आयएल-१७ ने दिला. क्रोन्सच्या आतड्यात हा रेणू भरपूर सापडतो, त्यामुळे खलनायक तोच असणार असं सगळ्यांनी धरलं होतं. त्याला रोखणारं औषध सोरायसिसमध्ये छान चालतं. २०१२ मध्ये क्रोन्समधल्या चाचणीचा निकाल आला : गुण नाही, उलट औषध घेणाऱ्यांत त्रास जास्त. आयएल-१७ भिंतीच्या डागडुजीलाही मदत करतो. गुन्ह्याच्या जागी सापडलेला माणूस गवंडी निघाला. पण त्याच साखळीत एक पायरी वर असलेल्या आयएल-२३ ला रोखलं तर फायदा होतो. उस्टेकिनुमॅब आणि रिसँकिझुमॅब ही औषधं तिथेच काम करतात.

माझी आवडती युक्ती मात्र वेडोलिझुमॅबची. आतड्याजवळच्या लसिका-गाठींत, म्हणजे फौजेच्या ठाण्यांत, शिकून तयार झालेल्या टी पेशीच्या अंगावर एक खूण उमटते, अल्फा-४-बीटा-७. पत्त्यावरचा पिनकोडच तो. ही खूण उमटायला अ जीवनसत्त्वापासून बनलेला पदार्थ लागतो. (गाजराचा असाही उपयोग असेल असं शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.) पेशी रक्तात फिरते आणि आतड्याच्या रक्तवाहिनीवर जुळणारी पाटी दिसली की उतरते. २०१४ पासून वापरात असलेली ही अँटिबॉडी तेवढा पिनकोड झाकते. फौज शाबूत राहते, फक्त आतड्याच्या स्टेशनवर उतरत नाही. त्यामुळे बाकीच्या शरीराचं संरक्षण फारसं कमी होत नाही. गुण यायला मात्र आठवडे लागतात, कारण आत आधीच घुसलेल्यांना ती बाहेर काढत नाही.

"पण शक्ती दाबली तर टीबी नाही का होणार?"

रास्त भीती आहे, आणि आपल्या देशात तर फारच. जगातले साधारण एक चतुर्थांश टीबी रुग्ण भारतात आहेत, आणि त्यापलीकडे कितीतरी लोकांच्या शरीरात टीबीचा जंतू झोपलेला असतो. फौजेने त्याला पेशींच्या गाठोड्यात कोंडून ठेवलेलं असतं. त्या गाठोड्याची गाठ घट्ट ठेवायला टीएनएफ लागतो. तो काढून घेतला की गाठ सैल होते. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅबनंतर टीबी झालेल्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली, तेव्हापासून नियम कडक झाले. आधी छातीचा एक्स-रे आणि हातावर टोचून दोन-तीन दिवसांनी बघायची चाचणी किंवा रक्ताची चाचणी. झोपलेला टीबी निघाला तर आधी त्याचं औषध, मग अँटिबॉडी. हे टप्पे घाईत गाळणारा डॉक्टर भेटला तर दुसरा गाठावा.

क्रोन्स आणि टीबी एकाच सांध्यावर बसतात, हे आता आठवा. दोन्हींत जखमा, दोन्हींत गाठोडी, दोन्हींत वजन उतरतं. टीबीला क्रोन्स समजून शक्ती दाबली तर जंतू मोकाट सुटतो. क्रोन्सला टीबी समजलं तर महिनोन्‌महिने भलत्याच गोळ्या. कधीकधी तुकडा तपासूनही फैसला होत नाही. मग आपल्याकडचे डॉक्टर दोन-तीन महिने टीबीचं औषध देऊन पुन्हा दुर्बीण घालतात आणि जखमा भरल्यात का ते बघतात. रुग्णाला वाटतं डॉक्टर चाचपडतोय. खरं तर अशा वेळी हाच सुरक्षित रस्ता असतो.

काढा, मिरची आणि सिगारेट

बहिणीच्या सासऱ्यांच्या पुडीचं काय? प्रतिकारशक्ती ही काही पाण्याची टाकी नाही, की पातळी खाली गेली म्हणून भरावी. या आजारात फौज कमी पडलेली नसते, तिला थांबायचं कळत नाही. काढ्याने ती खरोखर चेतत असेल तर नेमकं ते इथे नको आहे. चेतत नसेल तर घेऊन उपयोग काय? शिवाय मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृत सुजलेल्या सहा रुग्णांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नाही. मी भाच्याला एवढंच म्हटलं की अ‍ॅझाथायोप्रिनमुळे यकृताच्या तपासण्या तशाही कराव्या लागणार आहेत, त्यात आणखी एक संशयित कशाला?

मिरचीने आजार होत नाही, पण आजार उफाळलेला असताना ती झोंबते, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. सिगारेटचा मामला मजेशीर आहे. ती क्रोन्स बिघडवते. अल्सरेटिव्ह कोलायटिस मात्र सिगारेट सोडलेल्यांत जास्त दिसतो. म्हणून कुणी ओढायला लागू नये. आतडं वाचवून फुप्फुस घालवण्यात शहाणपण नाही.

औषधावरच नोटीस

हे सगळं होऊनही साधारण एक तृतीयांश रुग्णांना टीएनएफरोधक औषधांचा सुरुवातीपासूनच नीट गुण येत नाही, आणि आलेल्यांपैकी काहींचा पुढे ओसरतो. एक कारण फौजेच्या स्वभावातच आहे. बाहेरून टोचलेली अँटिबॉडी तिच्या लेखी परकं प्रथिनच, त्यातून इन्फ्लिक्सिमॅबचा काही भाग उंदराचा. मग बी पेशी त्या अँटिबॉडीविरुद्धच अँटिबॉडी बनवतात. औषध काम करण्याआधीच पकडलं जातं. म्हणून रक्तातली औषधाची पातळी मोजतात, मात्रा बदलतात, आणि कधी इन्फ्लिक्सिमॅबसोबत अ‍ॅझाथायोप्रिनही देतात. त्याने ही दुसरी अँटिबॉडी बनणं कमी होतं.

भाच्याला गोळ्यांनी पुरेसा आराम पडला नाही. दिवाळीनंतर इन्फ्लिक्सिमॅब सुरू झालं : पहिला डोस, मग दोन आठवड्यांनी, मग सहाव्या आठवड्यात, पुढे दर आठ आठवड्यांनी. दुसऱ्या डोसला मी सोबत गेलो होतो. नर्सने कुपीतल्या पांढऱ्या भुकटीत पाणी सोडलं आणि कुपी तळहातांमध्ये हळूहळू गोल फिरवली. हलवायची नाही, फेस झाला की प्रथिन बिघडतं. मग सलाईनच्या पिशवीत मिसळून दोन तास थेंब-थेंब. बहीण शेजारच्या स्टुलावर बसून डबा उघडत होती, मऊ भात आणि मुगाचं वरण.

"सकाळपासून कितीदा?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

"तीनदा," तो म्हणाला, आणि मोबाईलवरून मान वर न करता पुढे म्हणाला, "रक्त नव्हतं."